दोष पेंडीचा नव्हता

म्हशींच्या रक्तात तो रोग मी माझ्या हाताने घातला. एका रविवारी सकाळी, लख्ख उजेडात, कुणाचं तरी भलं करतो आहे अशा समजुतीत. त्या मरायला लागल्या तेव्हा मी गोठा चालवणाऱ्याच्या बायकोला दोष दिला, कारण चारापाणी तिच्याकडे होतं. पुढे खरं कारण मला कळलं. शंका उरली नाही इतकं स्पष्ट कळलं. तरी मी गप्प बसलो. सुईची चूक मी स्वतःला कधीकधी माफ करू शकतो. गप्प बसल्याबद्दल करू शकलेलो नाही, आणि हे लिहितो आहे ते त्यासाठीच.

मी पशुवैद्य. एकोणीसशे साठचं दशक सरत आलं असताना केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन कलकत्त्याला आलो आणि माझ्या उमेदीची बरीच वर्षं तिथेच गेली. कचेरी खिदिरपूरला, गोदीच्या अंगाला. बोटीने येणारी जनावरं तपासायची, हे काम. घोडे यायचे, मेंढ्या यायच्या, कधी एखादा परदेशी वळू यायचा. जनावर उतरलं की ते वेगळं बांधायचं, कानाच्या शिरेतून रक्त घ्यायचं, थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, आणि खात्री पटेपर्यंत दुसऱ्या जनावराला त्याचा वारासुद्धा लागू द्यायचा नाही. पगार मला या एका शहाणपणाचा मिळत होता.

राहायला बालीगंजला होतो. मी, बायको आणि लहान मुलगी. मुलीला सरकारी केंद्रावरचं बाटलीतलं दूध पचेना, म्हणून मी स्टेशनापलीकडे रुळांच्या कडेला असलेल्या एका खटालात जायला लागलो. खटाल म्हणजे शहरातला गोठा. पत्र्याचं छप्पर, विटांची जमीन, कडेने वाहणारं शेणाचं गटार, आणि आत दाटीने बांधलेल्या म्हशी, एखाददुसरी गाय. असे खटाल तेव्हा गल्लोगल्ली होते, आणि ते चालवणारी माणसं बहुतेक बिहारकडची. बायकामुलं गावी ठेवून ही माणसं इथे म्हशींशेजारी खाट टाकून आयुष्य काढत.

आमच्या खटालवाल्याला मी चाचा म्हणायचो. उंच, किडकिडीत, कमी बोलणारा माणूस. त्याचं वेगळेपण असं की त्याची बायको त्याच्याबरोबर कलकत्त्यात राहत होती. मूल झालं नव्हतं. गावी दिराच्या घरात तिला सणासमारंभाला पुढे येऊ देत नसत. नवरीची ओटी भरायची वेळ आली की तिला कुठल्यातरी कामाला पाठवून देत. एका वर्षी ती सरळ नवऱ्याच्या मागे गाडीत चढून बसली. हे तिनेच मला हसत सांगितलं होतं. तिची बोली भोजपुरी वळणाची, तिचं बोलणं मी इथे मराठीतच लिहितो आहे. ती म्हणाली होती, "तिकडे माणसं मला बघून तोंड फिरवतात, इथे म्हशी मला बघून तोंड फिरवतात. फरक एवढाच की म्हशी माझ्याकडे फिरवतात."

खटालात तिचा शब्द चालायचा. कुणाला किती पेंड, कुणाला हिरवा चारा आधी, कुणाचं रेडकू किती वेळ सोडायचं, सगळं ती ठरवायची. चाचा धार काढायचा आणि दूध घालायला जायचा. मी दूध न्यायला गेलो की एखादी म्हैस बघून यायचो, कुणाची कास सुजलेली, कुणाच्या खुरात काही रुतलेलं. हळूहळू माझे रविवार तिथेच जायला लागले. मराठी मंडळातले मित्र चेष्टा करायचे. "डॉक्टर, आठवडाभर सरकारी जनावरं, रविवारी खासगी. वहिनींचा नंबर कधी?" मला ती चेष्टा आवडायची, हेही कबूल करायला हवं. परक्या शहरात आपल्याला कुणी मानतं, आपण गेलो की खाट झटकून देतं, पितळेच्या पेल्यात साय आलेलं दूध पुढे करतं, हे मला हवं होतं.

खटालांची एक रीत होती. म्हैस आटली, भाकड झाली, की तिला शहरात पोसत नसत. ती कसायाकडे जायची आणि तिच्या जागी नुकती व्यालेली दुसरी यायची. चाचाही तेच करत आला होता. पण एका म्हशीवर चाचीचा फार जीव होता. गाडीतून उतरवताना ती म्हैस बिथरली होती आणि चाचीने तिला अख्ख्या रस्त्याने हाताने धरून चालवत आणली होती, तेव्हापासूनचा. ती म्हैस आटली तेव्हा चाची माझ्याकडे आली. रडली नाही. नुसती म्हणाली, "डाक्टरबाबू, हिला दूध यायचं काही औषध आहे का?"

"ती गाभण आहे चाची. आता व्याल्याशिवाय दूध कसं येईल?"

"मग व्यायपर्यंत कुठेतरी ठेवा हिला. तुम्ही सरकारचे लोक आहात."

मी सरकारचा माणूस होतो म्हणून नव्हे, पण मला एक जागा सुचली. आमच्या कचेरीतला एक शिपाई सुंदरबनाच्या कडेचा होता. त्याच्या भावाची तिथे थोडी जमीन होती आणि बांधाच्या कडेला गवत अमाप होतं. मी म्हटलं, तिकडे पाठवू. चाचा आधी तयार होईना. म्हणाला, "बाबू, रीत मोडायची म्हणजे एकीसाठी मोडत नाहीत. उद्या ही प्रत्येकीसाठी रडेल." पण चाची त्याच्याकडे बघत उभी राहिली, आणि तो गेला ट्रक बघायला.

मीही त्यांच्याबरोबर गेलो होतो. ट्रक, मग नाव, मग चिखलातून चालणं. शिपायाच्या भावाचं घर बांधाला लागून होतं. बांधाच्या पलीकडे नदी, आणि नदीच्या पलीकडे लगेच जंगल, दाट, सरळ भिंतीसारखं. ओहोटी होती. पलीकडच्या चिखलात हरणांचा कळप उतरला होता. शिपायाचा भाऊ सांगत होता की हरणं, रानडुकरं रात्री पोहून अलीकडे येतात, पिकात शिरतात, आणि कधीकधी त्यांच्या मागून आणखी कुणी येतं. चाची भेदरून म्हशीला बिलगली. मी हसलो. वाघाची भीती मला हास्यास्पद वाटली, कारण वाघ दिसतो.

तिथे गोमाशा फार होत्या. मोठ्या, करड्या, बटबटीत डोळ्यांच्या. म्हशीच्या मानेवर बसलेल्या एकीला मी तळव्याने चिरडलं तर हाताला रक्त लागलं. मी हात गवताला पुसला. या माशा काय करतात हे परीक्षेत मी पानं भरून लिहिलेलं होतं. सर्रा नावाचा रोग. त्याचा परजीवी रक्तात राहतो, तांबड्या पेशींच्या मधून बारीक गांडुळासारखा वळवळत फिरतो. जंगलातल्या कित्येक प्राण्यांच्या अंगात तो गुपचूप असतो, त्यांना त्याचं काही वाटत नाही. गोमाशी एकाचं रक्त पिते, पोट भरायच्या आत हाकलली गेली की दुसऱ्यावर बसते, आणि तिच्या ओल्या सोंडेवरून तो नव्या जनावरात शिरतो. जंगलाच्या कडेला चरणाऱ्या गुरांना म्हणूनच धोका जास्त. काहींना जोरात ताप येतो, काही मरतात, आणि काही वरवर ठणठणीत राहून तो अंगात बाळगत फिरतात. हे सगळं मला ठाऊक होतं. त्या बांधावर उभा असताना ते माझ्या मनात आलं की नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. मला वाटतं, आलं होतं. आणि मी ते बाजूला सारलं, कारण चाची माझ्याकडे देवाकडे बघावं तशी बघत होती.

पुढच्या उन्हाळ्यात म्हैस परत आली. बरोबर तिची पारडी, काळीभोर, ओल्या डोळ्यांची. चाचीने दोघींच्या कपाळाला तेल लावलं, शेंदूर लावला, शेजारच्या खटालवाल्यांना बोलावून गूळ वाटला. "लेक बाळंत होऊन आली," म्हणत होती. म्हैस अंगाने उतरली होती. बरगड्या दिसत होत्या, मागच्या पायांवर थोडी सूज होती. मी पायावरून हात फिरवला आणि म्हणालो, "प्रवासाचा शीण आहे. आठवड्यात भरून येईल."

गोदीवर अशी म्हैस उतरली असती तर मी तिला वेगळी बांधली असती. तिचं रक्त बघितल्याशिवाय मी जेवायला गेलो नसतो. इथे मला ते सुचलं नाही. खरं सांगायचं तर इथे मी डॉक्टर म्हणून आलोच नव्हतो, मी त्यांच्या आनंदात पाहुणा म्हणून आलो होतो.

पाऊस जवळ आला होता. पावसाआधी घटसर्पाची लस टोचावी लागते, ती मी दरवर्षी त्यांना टोचून द्यायचो. त्या रविवारी काचेची पिचकारी आणि सुया उकळून डब्यात घालून नेल्या. दोन सुया होत्या. एक पहिल्यांदा बाहेर काढतानाच वाकली. घरी जाऊन आणखी सुया आणायच्या तर तासभर मोडला असता, आणि स्टोव्ह पेटवून प्रत्येकीनंतर उरलेली सुई पुन्हा उकळायची म्हटलं तर चाचाला दूध घालायला निघायचं होतं. अख्खा गोठा एका सुईने टोचायचा, मधे स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची, हे तेव्हा आम्ही सगळेच करत होतो. सरकारी लसीकरणातही हेच चालायचं. मी बोळा भिजवला.

चाची म्हणाली, "आधी हिला टोचा. माहेरवाशीण आहे, मान हिचा."

चाचा म्हणाला, "मान काय सुईचा असतो?"

"तुम्हाला काय कळतंय? तुम्हाला मान फक्त दाढी करताना आठवते." शेजारचे हसले, मीही हसलो, आणि सुई आधी त्या म्हशीच्या मानेत घातली. मग पुसली. मग दुसरीच्या मानेत, मग तिसरीच्या. ओळीने सगळ्या. स्पिरिटचा बोळा शेवटी शेवटी गुलाबी झाला होता. तो रंग मला अजून आठवतो, पण त्या क्षणी मी तो बघितला असं मात्र म्हणता येणार नाही.

पावसाला सुरुवात होऊन थोडे दिवस झाले असतील. चाचा स्वतः घरी आला. एक म्हैस भिंतीला डोकं लावून उभी होती, चारा शिवत नव्हती. मी जाईपर्यंत ती गोल गोल फिरायला लागली होती, दावं ताणून, आंधळ्यासारखी. मग कोसळली. दुसऱ्या दिवशी दुसरी तशीच. मी ताप बघितला, डोळे बघितले, तोंड उघडून बघितलं. रक्त घेतलं नाही. शहराच्या मधोमध बांधलेल्या म्हशीला जंगलातला रोग होईल हे माझ्या डोक्यात आलं नाही. गव्हाणीत हात घातला तर पेंडीचा एक खडा ओलसर, पांढुरका निघाला. मला उत्तर मिळालं. बुरशी लागलेली पेंड खाऊन डोक्यावर परिणाम झालेली जनावरं मी पाहिली होती.

"पेंड कोण घालतं?" मी विचारलं. कोण घालतं हे मला माहीत होतं.

आजूबाजूचे खटालवाले जमले होते. चाची पुढे आली. "मीच घालते. चांगली पेंड आहे बाबू. मी रोज चाखून घालते."

"ही चांगली? पावसात गोणी उघडी टाकलीस, बुरशी चढली, आणि तीच घातलीस. विष आहे हे."

तिने माझ्या हातातला खडा घेतला, तोंडात टाकला, आणि माझ्याकडे बघत चावून गिळला. मग गव्हाणीत हात घालून मूठभर पेंड काढली आणि तीही खाल्ली. पेंडीचे कण तिच्या ओठांना चिकटले होते.

मी म्हणालो, "माणसाचं पोट वेगळं असतं, म्हशीचं वेगळं."

ते वाक्य शास्त्र म्हणून बरोबर आहे. त्या वाक्याने मी एका बाईचं आयुष्य मोडलं.

चाचाने पेंड उकिरड्यावर टाकली, नवी आणली. तरी म्हशी मरतच राहिल्या. मग लोकांचं बोलणं बदललं. आधी पेंड म्हणत होते, आता तिचा हात म्हणायला लागले. वांझ बाईच्या हातचं खाऊन कुणाचं भलं झालं आहे, असं शेजारचा एक म्हातारा खटालवाला चाचाच्या तोंडावर म्हणाला. मी तिथेच होतो. मी त्याला दटावलं, असल्या गोष्टी बोलू नका म्हणालो. पण बोट आधी मी दाखवलं होतं, त्यांनी फक्त ते पेंडीवरून थोडं वर सरकवलं. आठवडाभरात गावाहून चाचाचा भाऊ आला आणि चाचीला घेऊन गेला. ती जाताना मी गेलो नाही. मला कचेरीत काम होतं. होतंच, ते खोटं नाही.

ती गेल्यावर एक गाय आजारी पडली. गाईला पेंड घालत नसत. ती कोंडा खायची. म्हणजे कारण पेंडीचं नव्हतं. मी तिच्या कानातून रक्त घेतलं, ओला थेंब पातळ काचेने झाकून ती काचपट्टी रुमालात गुंडाळून खिदिरपूरला नेली. वीज गेलेली होती, त्या दिवसांत ती जायचीच. सूक्ष्मदर्शक खिडकीशी नेला, आरसा ढगाळ उजेडाकडे फिरवला. मोठं भिंग लावायच्या आधीच पेशींची हालचाल दिसत होती. त्या धक्के बसल्यासारख्या बाजूला सरकत होत्या, आणि त्यांच्यामधून ते बारीक, पारदर्शक, वळवळणारं काहीतरी पुढे जात होतं. एक नव्हे. जिथे बघावं तिथे.

मी खुर्चीत बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी त्या माहेरवाशिणीचं रक्त घेतलं. तिच्यात थोडे होते, शोधावे लागले. ती रवंथ करत उभी होती. गोमाशीचं काम मी केलं होतं, आणि गोमाशीपेक्षा नीट केलं होतं. गोमाशी एखादीला तरी सोडते.

औषध होतं. कचेरीतूनच मिळालं. उरलेल्यांना टोचलं, प्रत्येकीला वेगळी सुई. त्यातल्या बऱ्याच वाचल्या. पहिल्या दिवशी रक्त घेतलं असतं तर बहुतेक सगळ्याच वाचल्या असत्या. चाचाने विचारलं कसलं इंजेक्शन, तर मी म्हणालो, ताकदीचं.

सांगायची संधी मला मिळाली नाही असंही नाही. दुर्गापूजेच्या दिवसांत एका सकाळी मी दूध न्यायला गेलो होतो. चाचाने भांडं भरलं, पण ते माझ्या हातात दिलं नाही. धरून उभा राहिला.

"डाक्टरबाबू, तुम्ही शिकलेले आहात. बाईच्या हाताचं असं काही असतं का?"

"नाही चाचा. असलं काही नसतं."

"मग मरण्याचं कारण काय होतं?"

तो मला खरं तर विचारत होता की तिला गावाहून परत आणू का. दोन शब्द पुरे होते. माझी सुई. मी त्याच्या हातातल्या भांड्याकडे बघत होतो, दुधावरच्या फेसाकडे. मी म्हणालो, "पेंडच होती."

त्याने मान हलवली. "म्हणजे हयगय तिचीच," म्हणाला, आणि भांडं माझ्या हातात दिलं.

मी ते दूध घरी नेलं. मुलगी ते प्यायली.

बायकोला मी पुष्कळ दिवसांनी सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याला सांगितलंत?"

"म्हशी वाचल्या ना शेवटी. आता उकरून काय होणार? त्याचा माझ्यावरचा विश्वास जाईल, पुढे जनावर आजारी पडलं तर तो बोलावणार नाही. नुकसान त्याचंच."

"त्याला सांगितलंत का, एवढंच विचारतेय मी."

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे सरकारी केंद्राच्या रांगेत उभी राहायला लागली. बाटलीतलं दूध मुलीला तोवर पचायला लागलं होतं. माझ्याशी ती त्या विषयावर पुन्हा बोलली नाही. मी मात्र खटालात जात राहिलो. न जाणं म्हणजे कबुली झाली असती. मी जनावरं बघायचो, सुया उकळायचो, गरज नसताना दोनदा उकळायचो. चाचा मला खाट झटकून द्यायचा. तो आता स्वतः चारा घालायचा, आणि त्याला ते जमत नव्हतं. म्हशी गव्हाणीतून तोंड काढून दाराकडे बघत राहायच्या. त्याने जनावरं कमी केली. भाकड झाली की कसायाकडे जायची, आधीसारखीच. ती माहेरवाशीणही गेली. मी त्या दिवशी तिथे होतो. मी काही सुचवलं नाही.

अशी वर्षं गेली. शहरातून खटाल हलवणार अशी बोलणी सुरू झाली होती. चाचाला खोकला लागला होता, तो वाढत गेला. एका हिवाळ्यात मी कामासाठी काही दिवस बाहेरगावी होतो. परत आलो तर शेजारच्या खटालवाल्याने रस्त्यात थांबवून सांगितलं की तो गेला. घाटावर नेऊन सगळं उरकलंही होतं. "भाऊ आलाय गावाहून," तो म्हणाला, "आणि ती पण आलीय."

मी घरी गेलो, हात धुतले, थोडा वेळ बसलो. मग उठलो आणि गेलो. चांगला माणूस म्हणून गेलो असं मी म्हणणार नाही. आता तो विचारायला नाही, आता तिला सांगणं सोपं आहे, असंही माझ्या मनात कुठेतरी असणार.

अंगणात खाटेवर चाचाचा भाऊ बसला होता, शेजारचे दोघे-तिघे होते, त्यात तो म्हातारा खटालवालाही होता. उरलेल्या जनावरांचं काय करायचं ते बोलत होते. चाची आत गव्हाणीजवळ जमिनीवर बसली होती. मी तिला ओळखलं नाही. पांढरं लुगडं, केस कापलेले, दात गेलेले. तिने मला लगेच ओळखलं. "बसा डाक्टरबाबू," म्हणाली, आणि हाताने जागा झाडली.

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. बांधावरच्या गोमाशा, म्हशीच्या पायाची सूज, वाकलेली सुई, गुलाबी झालेला बोळा, खिडकीशी धरलेली काचपट्टी. चाचाने विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं होतं तेही. ती ऐकत होती. मधे एकदा तिने विचारलं, "किती वाचल्या असत्या?" मी म्हणालो, "बऱ्याच." तिने नुसतं "हूं" केलं.

मी म्हणालो, "चाची, मला माफ करा."

तिने गव्हाणीतला चारा हाताने सारखा केला. मग म्हणाली, "मला कशाला सांगता? मी काही केलं नव्हतं हे मला ठाऊकच होतं. मी रोज चाखून घालत होते." तिचा आवाज चढला नाही. "त्यांना सांगायचं होतंत. त्यांना ठाऊक नव्हतं. ते तसेच गेले, मी त्यांच्या म्हशी मारल्या असं मनात धरून."



"तिकडे मला गोठ्यात पाऊल टाकू देत नाहीत," ती म्हणाली. "दिराची गुरं आहेत, पण मी दारातून बघते. आता तिकडेच नेतील मला परत." मग तिने खाटेकडे हनुवटी केली. "माफी मागायची असेल तर त्यांच्यासमोर मागा."

ती उठली. मीही उठलो. ती माझ्या पुढे चालत अंगणात आली आणि पदर सावरून उभी राहिली. मी उभा होतो आणि ते सगळे माझ्याकडे बघत होते, त्याच आदराने, आणि एकजण खाटेवर सरकून मला जागा करत होता.

"या, या डाक्टरसाब," चाचाचा भाऊ म्हणाला. "तुम्ही भय्यासाठी फार केलंत."

मी म्हणालो, मला काही सांगायचं आहे, त्या वर्षी म्हशी मेल्या त्याबद्दल. त्याने हात हलवला. "सोडा साब. माणूस गेला, म्हशी गेल्या. आता त्याचा काय उपयोग?"

"उपयोगाचं तुम्ही नंतर बघा," चाची म्हणाली. "त्यांना बोलू द्या."

माझी हिंदी वाईट नाही, पण त्या वेळी शब्द सापडत नव्हते. मी बसलो नाही. मी म्हणालो, "पेंड चांगली होती. हिच्या हातात काही वाईट नव्हतं, कधीच नव्हतं. रोग जंगलाकडून आला, तो म्हशीत आहे का हे बघणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. एका म्हशीचा रोग माझ्या सुईने मी बाकीच्यांना दिला. मला नंतर कळलं, आणि तुमचे भाई जिवंत असताना, त्यांनी विचारलं असताना, मी त्यांच्याशी खोटं बोललो." मग मी तिच्याकडे वळलो. तिने डोळे खाली घेतले नाहीत. "चाची, तुमच्या म्हशी मी मारल्या, आणि नाव तुमचं घेतलं. मी तुमची माफी मागतो."